चोरपावलांसाठी जिका-ताबी: निन्जाच्या नावाने विकला जाणारा मजुरांचा बूट

निन्जुत्सुच्या, म्हणजे जुन्या जपानी हेरांच्या विद्येच्या वर्गात चोरपावलं शिकवायला सुरुवात झाली की लवकरच कुणीतरी विचारतं, "ते अंगठा वेगळा असलेले काळे बूट घ्यायचे का?" आमचं उत्तर असं: घ्या, पण 'निन्जा शूज' या नावाने मिळणारे घेऊ नका. जपानमध्ये बांधकामावरचे मजूर घालतात ते साधे कापडी जिका-ताबी घ्या, पाच किंवा सात हुकांचे, पातळ सोलचे. आणि ते आवाज बंद करतील अशी आशा ठेवू नका. पायाखाली काय आलंय ते तळव्याला वेळेत कळवणं, एवढंच काम हा बूट करतो. ते मात्र तो फार चांगलं करतो.

आधी या बुटाची जात सांगायला हवी, म्हणजे तो कुठे चालेल आणि कुठे नाही ते आपोआप कळेल. इगा आणि कोगा या डोंगराळ भागांतल्या हेरांचा ऐन बहराचा काळ पंधराव्या-सोळाव्या शतकातला. त्यांच्या विद्येचा मोठा संग्रह 'बान्सेन्शुकाई' हा १६७६ सालचा. त्या काळी चालणाऱ्याच्या पायात असायची वाराजी, म्हणजे भाताच्या पेंढ्याची वळलेली सपाता, आणि फार तर कापडी ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे. ताबीला रबरी सोल चिकटवलेला जिका-ताबी बाजारात आला १९२३ मध्ये, क्युशू बेटावरच्या कुरुमे गावातल्या इशिबाशी बंधूंच्या कारखान्यातून. त्यांतल्या शोजिरो इशिबाशींनी पुढे १९३१ साली त्याच गावात ब्रिजस्टोन ही टायर कंपनी काढली. रबराचा हात तिथे बसलेला होता तो असा. तेव्हा सिनेमातला निन्जा जो बूट घालून कौलांवरून पळतो, तो खऱ्या निन्जाच्या नजरेस कधी पडलेला नाही.

तो बनला पेंढ्याची सपाता घालून राबणाऱ्या कामगारांसाठी, कारण ती सपाता भराभर झिजायची. परांचीवर, शिडीवर, अरुंद फळीवर उभं राहणाऱ्या माणसाला तीन गोष्टी लागतात. फळीची कड पायाला जाणवली पाहिजे, अंगठ्याने ती धरता आली पाहिजे, आणि नाडीसारखं काही लोंबकळून कुठे अडकता कामा नये. दबकत चालणाऱ्यालाही नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. जमतं ते एवढ्यावर. टाचेला गादी, घोट्याला आधार, धक्का शोषणं यांतलं काही त्यात नाही, आणि ते त्याच्याकडून मागूही नये.

काय बघून घ्यायचं

'निन्जा शूज' म्हणून येणारा माल बहुधा पोशाखाचा असतो. कापड पॉलिस्टरचं, सोल जाड आणि ताठ, आणि बंद करायला वेल्क्रो किंवा चेन. वेल्क्रो उघडताना जो फर्रर्र आवाज होतो, तो चोरपावलांच्या सरावासाठी घेतलेल्या बुटातून यावा यापरता विनोद नाही. पण खरी अडचण सोलची आहे. बूट दोन्ही हातांत धरून ओला पंचा पिळतात तसा पिळून बघा. पिळला गेला पाहिजे. मग बोटांकडचा भाग मागे वळवा. फारसा जोर न लावता तो दुमडला पाहिजे. आमच्या मते चवड्याखाली सोल चार-पाच मिलिमीटरच्या वर गेला की हरभऱ्याएवढा खडा पायाला कळेनासा होतो, आणि मग हा बूट आणि साधा कॅनव्हास यांत फरक उरत नाही. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून सोलचा बाजूने काढलेला फोटो मागून घ्यावा. समोरून सगळे सारखेच दिसतात.

खऱ्या जिका-ताबीला पोटरीच्या आतल्या बाजूने उभी फट असते आणि ती बंद होते कोहाझेंनी. कोहाझे म्हणजे नखाएवढ्या धातूच्या चपट्या पट्ट्या, वर सांगितलेले हुक ते हेच. त्या समोरच्या बाजूला शिवलेल्या जाड दोऱ्याच्या फासांत सरकवायच्या. फासांच्या ओळी बहुधा एकाहून जास्त असतात, पोटरीच्या जाडीप्रमाणे सैल-घट्ट करता यावं म्हणून. बुटाची उंची या पट्ट्यांच्या संख्येवर सांगतात: पाचवाला घोट्याच्या थोडा वर, सातवाला त्याहून वर, बारावाला पोटरी झाकणारा. फोटोत बारावाला सगळ्यात रुबाबदार दिसतो, म्हणून नवखे तोच मागवतात. सरावाला तो नकोच. सेइझात, म्हणजे आपल्या वज्रासनात बसलं की वरच्या पट्ट्या पोटरीत रुततात, उकिडवं बसून सरकताना रक्त अडतं, आणि घालायला-काढायला इतका वेळ लागतो की वर्गात सगळे थांबून राहतात. बुजिनकान या निन्जुत्सु शिकवणाऱ्या संस्थेत पाचव्या दानची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पाचव्या पायरीची परीक्षा पाठमोरं वज्रासनात बसून देतात. मागून वार येतो आणि तो न बघता चुकवायचा असतो. अशा ठिकाणी पायाला मुंग्या आलेल्या असून चालत नाही. पाच पट्ट्यांचा बहुतेकांना पुरतो. झाडीतून फिरणार असाल तर सात.

सोल दोन प्रकारे बसवलेला मिळतो. एक शिवलेला, दुसरा चिकटवलेला. शिवलेला जास्त मऊ आणि पटकन वळणारा. परांचीवर उंच काम करणारे कामगार तो पसंत करतात, आणि चोरपावलांनाही तोच बरा. उणं एवढंच की टाक्यांतून पाणी आत येतं. चिकटवलेल्यात रबराची कड बुटाच्या बाजूंवर थोडी चढलेली असते. तो जास्त टिकतो, चिखलात बरा पडतो, पण पावलाची बाहेरची कड जमिनीला टेकवताना ती रबरी कड मध्ये येते. पावलाची बाहेरची कड आधी टेकवायची हे तर चोरपावलांचं पहिलंच कलम. बोटांवर कडक टोपी बसवलेले 'सेफ्टी' जिका-ताबी आणि जंगलकामाचे खिळेवाले या दोन्ही गोष्टी या कामासाठी बाद. जत्रा-मिरवणुकांसाठी आत हवेची गादी असलेले निघतात. ते चालायला सुखाचे, पण गादीमुळे जमीन कळत नाही.

माप

मापं पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतात, अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. त्यांनी अंगठ्यावरून माप घेतलं तर दुसरं बोट कप्प्यात दुमडून बसतं आणि नख काळं पडतं. दोन पायांत फरक असेल तर मोठा पाय धरा. पंजा रुंद असेल तर अर्धा सेंटिमीटर वाढवा, त्याहून जास्त नको. मोठ्या बुटात अंगठ्याचा कप्पा पुढे रिकामा राहतो आणि पाऊल टेकताना तेच रिकामं टोक आधी जमिनीला लागून 'टप' वाजतं. २८ सेंटिमीटरच्या पुढची मापं कमी मिळतात.

मराठी पायांना एक सोय आहे. अंगठ्याची चप्पल आणि कोल्हापुरी घालून अंगठा आणि दुसऱ्या बोटामधली कातडी आधीच सरावलेली असते, त्यामुळे परदेशी लोकांच्या ज्या तक्रारी वाचायला मिळतात त्या आपल्याकडे फारशा येत नाहीत. पण जोडवी घालणाऱ्यांनी लक्ष द्यावं: कप्प्यांच्या मधली शिवण नेमकी जोडव्यावर येते. अर्ध्या तासात बोट सोलवटतं आणि शिवणही आतून कुरतडली जाते. सरावापुरती जोडवी काढून ठेवा. दोन कप्प्यांचे मोजे घालणार असाल तर मापही मोजे घालूनच घ्या.

घालताना आधी अंगठा कप्प्याच्या तळापर्यंत जाऊ द्या, मग टाच मागे दाबून बसवा, आणि पट्ट्या खालून वर लावत जा. वरून सुरुवात केली की घोट्यापाशी कापडाची घडी पडते आणि तीच पुढे घासते. सगळ्यात वरची पट्टी एक ओळ सैल ठेवा. सगळ्या लावून झाल्या की एकदा पूर्ण उकिडवं बसून बघा. टाच उचलली गेली किंवा पोटरी आवळली तर वरच्या दोन पुन्हा लावा.

जमिनीवर

हा बूट निरनिराळ्या जमिनींवर निरनिराळा वागतो, आणि जाहिरातीत नेमकं तेच सांगत नाहीत.

सिमेंट, कोटा, शहाबादी यांवर तो उत्तम. टाचेला गादी नसल्याने टाच आपटून चालणाऱ्याला चार पावलांतच दुखतं, आणि पाय न सांगता चवड्यावर येतो. निम्मं शिकवणं बूटच करून टाकतो. फक्त नवखे लोक टाच टाळायच्या नादात सगळा तळवा एकदम खाली आणतात आणि 'थप' असा आवाज येतो. तो रबराचा आवाज नाही, घाईने वजन टाकल्याचा आहे.

गुळगुळीत टाइल्स आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट ही या बुटाची वाईट जागा. पाऊल टेकलेलं असताना शरीर वळवलं की रबर धरतं, सुटतं, पुन्हा धरतं, आणि त्यातून 'चुईं' निघते. रात्रीच्या शांततेत ती दुसऱ्या खोलीत ऐकू जाते. वळण्याआधी पाऊल उचला, वळून मग टेका. नव्या बुटाच्या सोलवर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो. तो खरखरीत सिमेंटवर अर्धा तास चालून उतरवा. फरशी ओली असेल तर चवड्यावर वळण्याचा विचारही नको, आणि शेवाळावर तर हा बूट अनवाणी पायापेक्षाही वाईट.

लाकडी जमीन करकरते तेव्हा दोष फळीचा आणि वजनाचा असतो, बुटाचा नाही. क्योतोच्या निजो किल्ल्यातल्या निनोमारू महालाच्या पडव्यांत फळ्यांखालच्या लोखंडी पट्ट्या आणि खिळे एकमेकांवर घासून पाखरं चिवचिवल्यासारखा आवाज येतो. ती रचना मुद्दाम पहाऱ्यासाठी केली की खिळे सैल झाल्यामुळे आवाज येऊ लागला यावर वाद आहे, पण तिथे बूट बाहेर काढूनच जावं लागतं आणि मोज्यांतल्या पायांखालीही फळ्या वाजतातच. जुन्या वाड्याच्या माडीवर किंवा लाकडी जिन्यात सराव करायचा तर भिंतीलगत, जिथे फळी खालच्या तुळईवर खिळलेली असते तिथे पाय ठेवा. मधोमध फळी वाकते आणि बोलते. इथे सुती तळव्याचे घरातले ताबी रबरापेक्षा शांत असतात, पण घसरतात. जिन्यात ते नकोत.

खडीवर मात्र या बुटाने पैसे वसूल होतात. पातळ सोल खड्यांभोवती वळतो, वजन पसरतं आणि खडे एकमेकांवर कमी घासतात. पाऊल सरळ वरून खाली आणायचं, आधी हलकं दाबून खडे बसू द्यायचे, मग वजन टाकायचं. घासत पुढे नेण्याची चाल, सुरी-आशी, इथे पूर्ण चूक. ती गादीवर आणि चटईवर.

पाचोळ्यावर कोणताच बूट वाचवत नाही. सह्याद्रीत मार्च-एप्रिलमध्ये सागाची पानं पडली की पानावर पाय म्हणजे पापड मोडणंच. उपाय एकच: बोटं पानाच्या कडेखालून हळूच आत सारायची आणि पानाच्या खालच्या मातीवर वजन द्यायचं. यात दोन कप्प्यांचा तोटाही होतो. काडी, गवताचं पातं, पानाचा देठ अंगठ्याच्या बेचक्यात अडकतो आणि पुढची वीस पावलं सोबत खसखसत येतो. दर थोड्या वेळाने थांबून बेचकं साफ करायची सवय लावून घ्या.

पावसाळ्यात कापड पाणी पितं, बूट जड होतो आणि आतून पचपच वाजू लागतो. मोजे काढले तर ती निम्म्याने कमी होते.

चाली, आणि त्यांत बूट काय सांगतो

जपानी परंपरेत चोरपावलांच्या चाली दहा प्रकारांत मांडतात: नुकी-आशी, सुरी-आशी, अंग चोरून टाकलेलं पाऊल, उडीचं पाऊल, लहान पाऊल, मोठं पाऊल, असं करत शेवटी रोजची साधी चाल. सरावाला सगळ्यात उपयोगाची नुकी-आशी. मागच्या पायाचा गुडघा वाकवून सगळं वजन त्याच्यावर घ्या. पुढचं पाऊल चिखलातून काढावं तसं, बोटं वर ठेवून सरळ उचला. दुसऱ्या घोट्याजवळून पुढे न्या. पायाच्या करंगळीखालची कड आधी टेकवा, वजन न देता. काही टोचलं, हललं किंवा वाजलं तर तसंच परत उचला. हे परत उचलता येणं हीच या चालीची खरी परीक्षा. ते जमत नसेल तर वजन आधीच पुढे गेलेलं आहे. जमीन पटली की पाऊल आत अंगठ्याकडे लोळवा, चवडा पूर्ण टेकवा, टाच सगळ्यात शेवटी. एका पावलाला एक पूर्ण श्वास लागला तरी सुरुवातीला ते वेगातच झालं म्हणायचं.

योको-आरुकी, म्हणजे भिंतीला पाठ किंवा छाती लावून पाय ओलांडत आडवं चालणं. त्यात अंगठ्याचा वेगळा कप्पा खरोखर उपयोगी पडतो. पाय ओलांडताना तोल पुढच्या पायाच्या अंगठ्यावर येतो आणि तो स्वतंत्रपणे दाबता येतो. पण टाच आणि पोटरी एकमेकींवरून घासतात. कोहाझे आतल्या बाजूला असल्याने दोन पायांच्या पट्ट्या एकमेकींवर आपटून बारीक 'टिक' येते. पट्ट्यांवरून पायजम्याची मोहरी किंवा कापडी पट्टी गुंडाळली की प्रश्न मिटतो.

शिन्सो-तोहो ही उकिडवं बसून, स्वतःचे तळहात जमिनीवर ठेवून त्यांवर पाऊल टाकत जाण्याची चाल. झोपलेल्या माणसाजवळून जाताना वापरायची म्हणून सांगतात. इथे खोल नक्षीचा सोल हाताला सोलून काढतो. सोलची नक्षी उथळ असावी, हे या चालीसाठी तरी बघून घ्या.

महिनाभर वापरल्यावर बूट उलटा करून बघा. चूक कुठे होते ते तिथे लिहिलेलं असतं. टाचेची बाहेरची बाजू झिजली असेल तर अजून टाच आधी टेकतेय. चवड्याखाली गोल झीज म्हणजे वजन असताना वळणं. अंगठ्याचं टोक घासलं असेल तर पाऊल उचललं जात नाही, ओढलं जातंय. आवाज मोजायचा तर फोन जमिनीवर ठेवून तीन मीटरवरून चाला आणि अनवाणी, मोजे, बूट हे तिन्ही एकाच ध्वनिमुद्रणात घ्या. वेगवेगळ्या घेतल्या तर फोन स्वतःच आवाज वर-खाली करतो आणि तुलना खोटी ठरते.

गादीवर नको

वार चुकवणं, लोळण घेणं, कोलांटी मारून अंतर तोडणं, यासाठी हा बूट आम्ही सुचवत नाही. आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत फोमच्या जोडगाद्या असतात. रबराचा सोल त्यांवर इतका धरतो की शरीर वळतं आणि पाऊल जागेवर राहतं. पीळ सगळा गुडघ्यात जातो. अंगठ्याचा कप्पा दोन गाद्यांच्या सांध्यात अडकतो. जवळून झटापट करताना कोहाझे जोडीदाराच्या नडगीला ओरखडे काढतात, आणि लोळताना स्वतःच्या घोट्यात रुततात, वाकतातही. जपानी दोजोत, म्हणजे सरावाच्या दालनात, तातामीवर (पेंढ्याच्या जाड चटयांवर) बाहेरचे बूट चालतच नाहीत. तिथे घरातले सुती ताबी किंवा फक्त आतच वापरलेला वेगळा जोड लागतो. आपल्याकडेही तोच नियम ठेवावा. गादीवर अनवाणी सगळ्यात बरं.

आणि वेषांतराच्या दृष्टीने तर हा सगळ्यात वाईट बूट. 'शिचिहोदे' म्हणजे हेरांची सात सोंगं: कोमुसो बासरीवाला, भिक्षू, यामाबुशी (डोंगरातला तपस्वी), व्यापारी, खेळ करणारा, सारुगाकु या जुन्या नाट्यप्रकारातला नट, आणि सातवं सोंग साध्या माणसाचं. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. लक्ष्मी रोडवर दोन बोटांचे काळे बूट घालून चालणाऱ्याकडे पोरंसुद्धा वळून बघतील, आणि ओल्या मातीत त्याचा ठसा दुसऱ्या कशाशी जुळणार नाही. गर्दीत मिसळून कुणाचा माग ठेवण्याचा सराव असेल तर जुनी, मऊ झालेली सँडल घाला. कोल्हापुरी नको, तिची करकर तर मुद्दाम हौसेने करून घेतात.

डोंगरात

गडावर, रानात नेणार असाल तर दोन गोष्टी. बाभळीचा काटा या सोलमधून सरळ आरपार येतो. कोकणातल्या जांभ्याच्या कडा आणि घाटातला सुटा मुरूम तळव्याला लागतो. सवय नसलेल्याने पहिले दोन-तीन आठवडे पंधरा-वीस मिनिटांवर घालू नये. टाच सपाट असल्याने पोटरी आणि टाचेमागचा स्नायुबंध ताणला जातो, आणि दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. दुसरी जास्त गंभीर: पावसाळ्यात आणि नंतर उंच गवतात, अंधारात, चोरपावलांचा सराव करूच नका. जमिनीची थरथर लागली की साप बहुधा आपणहून बाजूला होतो. ती थरथरच तुम्ही काढून टाकता आणि वर पायात पातळ कापड. असा सराव मोकळ्या, झाडलेल्या जागेत, टॉर्च जवळ ठेवून करावा.

किंमत आणि निगा

जपानमध्ये साधा जोड साधारण तीन ते पाच हजार येनला, म्हणजे अंदाजे सतराशे ते तीन हजार रुपयांना पडतो. कुराशिकीची मारुगो आणि रिकिओ ही तिथली जुनी, सहज सापडणारी नावं. वर्कमन या कामगारांच्या कपड्यांच्या साखळी दुकानातही तो मिळतो. इथे मागवला तर कुरिअर आणि कस्टम मिळून खर्च मूळ किमतीच्याही वर जाऊ शकतो, आणि माप चुकलं तर परत पाठवणं परवडत नाही. जपानला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर कागदावर काढलेला पावलाचा ठसा सोबत द्या. दोन-तीन जणांनी मिळून मागवलं तर कुरिअर वाटलं जातं.

काळा रंग पहिल्या दोन धुण्यांत सुटतो, वेगळे धुवा. मशीनमध्ये टाकू नका. पट्ट्या ड्रमवर आपटून वाकतात आणि फास तुटतात. थंड पाण्यात मऊ ब्रशने घासा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. उन्हात सोल कडक होतो आणि कडक सोल वाजतो. पावसाळ्यात पिशवीत बांधून ठेवले की बुरशी धरते. पट्ट्यांना महिन्यातून एकदा सुक्या फडक्याने पुसून मेणबत्ती चोळली की त्या फासात अडखळत नाहीत. सगळ्यात आधी फाटते ती अंगठ्याच्या बेचक्यातली शिवण. नवा जोड आला की घालण्याआधीच तिथे आतून जाड दोऱ्याने पाच-सहा टाके घालून घ्या. फास तुटला तर चांभाराकडचा मेणाचा दोरा उत्तम चालतो.

चवड्याखाली सोल इतका पातळ झाला की कापडाची वीण उमटून दिसते, तेव्हा तो जोड बाहेरच्या कामातून काढावा.